मोती आणि समुद्र

गुहागर, जानेवारी. ओहोटी लागलेली. सुरूच्या बनातून बाहेर पडताच माझा कुत्रा मोती थबकला. लाट आली की मागे, परतली की तिच्यावर भुंकत पुढे. समुद्र आपल्यालाच घाबरून पळतो, अशी त्याची ठाम समजूत! मग खेकड्यांची बिळं. नाक खुपसून, वाळू उडवत उकरणं सुरू झालं आणि मी पट्टा आखडला. याच किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. कुत्र्याच्या नाकाला ती चटकन सापडतात. मोतीला कुठला आलाय कासवांना जपणारा वन्यजीव कायदा! खारं पाणी पोटात गेलं तर उलट्या, म्हणून गोडं पाणी नेलं होतं. तेही त्याने लवंडलं. कुत्र्याला समुद्र जरूर दाखवा, पण नोव्हेंबर ते मे कोकणातल्या किनाऱ्यावर पट्टा सोडू नका.