ब्लू रिजवरील तीन चाकें

गतवर्षीं आम्ही चिरंजीवांकडे उत्तर कॅरोलिनांत असतां, सत्तरी उलटलेल्या शेजाऱ्यांनीं ब्लू रिज पार्कवे पाहावयास नेलें. तें दांपत्य पुढें, आम्ही मोटारींतून मागें. चाळीस वर्षें दुचाकी मोटारसायकल चालविलेले हे गृहस्थ; परंतु गुडघे थकले, आणि एकदां थांबतांना गाडी कलंडल्यापासून गृहिणीनें मागें बसणेंच सोडलें. तेव्हां त्यांनीं हार्ले-डेव्हिडसनची तीनचाकी ट्राय ग्लाइड घेतली. ‘पोरांची गाडी’ म्हणून त्यांस प्रथम लाज वाटे. अश्विनीकुमारांचा रथही ऋग्वेदांत त्रिचक्रच आहे, असें मीं सांगतांच ते मनमोकळे हंसले.

१९३५ सालीं आरंभिलेला व १९८७ सालीं पुरा झालेला हा ४६९ मैलांचा मार्ग म्हणजे वळणांची माळच. दुचाकी वळणावर कलते; ही कलत नाहीं, हँडलानेंच वळवावी लागते, आणि देह मात्र बाहेरच्या बाजूस ओढला जातो. थांबतांना जुन्या संवयीनें पाय खालीं टेकावा, तर तो मागच्या चाकाखालीं सांपडण्याचें भय!

डोंगराची कड न कापतां खांबांवर तोललेल्या लिन कोव्हच्या नागमोडी पुलापलीकडे आम्ही थांबलों. “येथून पूर्वीं मी झुलत जात असें,” ते हळूच म्हणाले. मला उत्तर सुचेना. बाईसाहेब मात्र मागच्या आसनावरून उतरावयासच तयार नव्हत्या.