प्रवक्ता 'मी' म्हणतो तेव्हा

१/ प्रवक्त्याच्या व्यवसायात 'मी' हा शब्द वर्ज्य असतो. 'सरकारची भूमिका अशी आहे' एवढेच त्याने म्हणायचे. त्यामुळे असा माणूस पायउतार झाल्यावर 'मी' म्हणू लागतो, तेव्हा तो क्षण इतिहासाच्या वाचकाने थांबून पाहावा असा असतो.

२/ जून २०२५ मध्ये अमेरिकेत असा क्षण आला. अध्यक्ष जो बायडेन यांच्या माजी वृत्तसचिव कॅरिन ज्याँ-पिएर यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. हैतीतून आलेल्या आईवडिलांची ही कन्या मे २०२२ मध्ये व्हाइट हाउसची पहिली कृष्णवर्णीय वृत्तसचिव झाली आणि बायडेन यांची कारकीर्द संपेपर्यंत त्या पदावर राहिली.

३/ कारणाचे मूळ २०२४ च्या उन्हाळ्यात आहे. २७ जूनच्या वादचर्चेत बायडेन अडखळले, स्वपक्षीयांनीच माघारीचा आग्रह धरला आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. ज्याँ-पिएर यांच्या मते हा पक्षाने केलेला विश्वासघात होता. टीकाकारांचा प्रश्न नेमका उलटा आहे : अध्यक्षांच्या प्रकृतीविषयीच्या शंका व्यासपीठावरून फेटाळणाऱ्या व्यक्तीने आधी स्वतःचा हिशेब द्यायला नको का?

४/ येथे एक खुलासा हवा. 'अपक्ष' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वतंत्र निवडणूकचिन्ह घेतलेला उमेदवार येतो. अमेरिकेत मात्र ती मुख्यतः मतदाराची ओळख आहे. अनेक राज्यांत मतदारनोंदणी करतानाच पक्ष नोंदवता येतो आणि तो बदलताही येतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात पक्ष न नोंदवणाऱ्याला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही. कायद्याने मोजावी लागणारी किंमत साधारण एवढीच. खरी किंमत माणसांत मोजावी लागते.

५/ आता अर्धशतक मागे जाऊ. ऑगस्ट १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड अध्यक्ष झाले आणि पत्रकार जेराल्ड टरहॉर्स्ट त्यांचे वृत्तसचिव. ८ सप्टेंबरला फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली. टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. सदसद्विवेकापोटी व्हिएतनाम युद्धात जाण्याचे टाळणाऱ्या तरुणांना जी माफी नाही, ती निक्सन यांना देण्याचे समर्थन आपल्याला करता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जेमतेम एक महिन्याचे पद त्यांनी सोडले.

६/ या दोघांची तुलना करताना माझी लेखणी अडखळते. एका संस्थेची प्रसिद्धिपत्रके मी काही वर्षे लिहिली. त्यांतल्या एका पत्रकातील एका वाक्यावर माझा विश्वास नव्हता. तरी ते मी सफाईने लिहिले. संस्था सोडल्यावर मित्रांजवळ त्याबद्दल पुष्कळ बोललो. मात्र ज्या दुपारी बोलायला हवे होते, त्या दुपारी गप्प राहिलो.

७/ म्हणून ज्याँ-पिएर यांना भित्रे म्हणणे मला जमणार नाही. कदाचित अध्यक्षांवर त्यांचा मनापासून विश्वास असेल. तसे असेल तर त्यांनी काहीच लपवले नाही, आणि पक्षत्याग हा त्या निष्ठेचाच पुढचा टप्पा ठरतो. परंतु पक्ष सोडल्याने कालचे शब्द पुसले जात नाहीत. उसना दिलेला आवाज परत घेता येतो. त्या आवाजात बोललेली वाक्ये आपल्याच नावावर राहतात.

८/ टरहॉर्स्ट यांनी पद सोडले, ज्याँ-पिएर यांनी पक्ष. दोघांकडे पाहताना मी तारखा पाहतो. राजीनामा कशाचा दिला याइतकेच तो केव्हा दिला, यालाही इतिहासात मोल असते.