दोषाचा पत्ता

घरातला टीव्ही बंद पडला की आपण विचारतो, 'काय बिघडलं?' कॉम्प्युटर बंद पडला आणि तो वापरणारा अठरा वर्षांचा असला, की प्रश्न बदलतो: 'काय केलंस?' 2023च्या उन्हाळ्यात खामगावात माझ्या धाकट्या भावाच्या घरी हा प्रश्न रोज विचारला जात होता.

पुतण्या नुकताच बारावी झाला होता. त्याला गेम तर खेळायचे होतेच, पण ब्लेंडरवर थ्रीडी ॲनिमेशनही शिकायचं होतं. भावाचं शेतीपंप आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. त्याने एप्रिलमध्ये 78,000 रुपये भरून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार गेमिंग पीसी मागवून दिला. रायझन 5 5600 प्रोसेसर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम, एका बाजूला काच, आत रंगीत दिवे. बिलावर मात्र एकच ओळ होती: गेमिंग पीसी, 1 नग.

खामगावात असं बिल चालत नाही. चांदीच्या बाजारामुळे आमच्या गावाला रजतनगरी म्हणतात. इथे साधं निरांजन घेतानाही माणूस वजन किती, भाव काय आणि मजुरी किती हे वेगवेगळं विचारून घेतो. 78 हजारांच्या डब्यात कोणत्या कंपनीचा कोणता भाग आहे हे विचारायची सवय मात्र कुणालाच नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. बाकीच्या भागांबद्दल '500 वॅट पॉवर सप्लाय' एवढंच लिहिलेलं असतं.

मे महिना लागला आणि मशीन बंद पडू लागलं. दिवसभर साधं काम केलं तर काही नाही. गेम सुरू केला किंवा ब्लेंडरमध्ये रेंडर लावलं की पंधरा-वीस मिनिटांत खटकन अंधार. निळा पडदा नाही, सूचना नाही. कुणी प्लग ओढल्यासारखं. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल-पॉवर 41' असं दिसायचं. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता वीज गेली. ती का गेली, हे ती नोंद सांगत नाही.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवेने आधी विंडोज पुन्हा टाकायला लावलं. मग ड्रायव्हर. मग 'तुमच्याकडची वीज तपासा'. मग मशीन परत पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. काचेची बाजू सांभाळत थर्माकोलमध्ये बांधलेला तो खोका दोनदा गेला आणि दोनदा आला. दोन्ही वेळा सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं, दोष आढळला नाही. दुसऱ्या वेळी खाली एक सल्लाही होता: सलग जास्त वेळ गेम खेळणे टाळावे.

त्या एका वाक्याने घरातलं वातावरण बिघडलं. भाऊ म्हणाला, "कंपनीच लिहून देऊन राह्यली. दिवसभर खेयत राह्यते, मंग मशीन बंद पडन नाही तं काय?" पुतण्या सुरुवातीला वाद घालायचा. नंतर गप्प बसू लागला. मशीनवर चादर टाकून ठेवलेली असायची. ॲनिमेशनच्या कोर्सचा विषय निघाला की भाऊ त्या चादरीकडे बोट दाखवायचा. विजेवर चालणाऱ्या एका वस्तूतला दोष हळूहळू मुलाच्या स्वभावातला दोष होऊन बसला होता.

जूनच्या सुरुवातीला मी मध्ये पडलो. झाकणावर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर होतं. पण दोनदा परत आलेल्या वॉरंटीला जपून तरी काय मिळणार होतं? गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे आम्ही तिघेही गेलो. त्याने झाकण काढलं, पॉवर सप्लाय बाहेर घेतला आणि त्याच्या अंगावरचा तक्ता आमच्यापुढे धरला.

तक्त्यावर 500 वॅट मोठ्या आकड्यांत होतं. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जिच्यावर चालतात ती 12 व्होल्टची ओळ फक्त 25 अँपिअरची होती. 12 गुणिले 25, म्हणजे 300 वॅट. उरलेले वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या ओळींवर दाखवले होते, जिथे आजच्या मशीनला फारसं काही लागत नाही. आरटीएक्स 3060ची मागणी 170 वॅटची. प्रोसेसर भरात असताना साधारण 75. बोर्ड, पंखे, डिस्क, दिवे धरले की गाडी तीनशेच्या काठावर येते. त्यात ग्राफिक्स कार्ड क्षणार्धासाठी नेमलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. वर खामगावचा मे महिना. खोली तापली की पॉवर सप्लायची ताकद आणखी घटते. एसी लावलेल्या खोलीत तेच मशीन तपासलं तर ते शहाण्यासारखं चालणारच.

मी हे सगळं समजावून सांगणार, तोच भाऊ म्हणाला, "म्हंजे पाटी पाचाची अन् मोटर तीनाची."

त्याच्या धंद्यात हे रोजचं आहे. पाच एचपीची पाटी लावलेला पंप प्रत्यक्षात तेवढं पाणी ओढत नाही, हे त्याने शेकडो वेळा पाहिलंय. मोटर जळून आली की वायंडिंगवाला आधी व्होल्टेज विचारतो, केबल कोणती आहे ते विचारतो, बोअर किती खोल ते विचारतो. 'तुम्ही पाणी फार देता' असं तो शेतकऱ्याला म्हणत नाही. पाणी देण्यासाठीच तर पंप घेतलेला असतो.

दुरुस्तीवाल्याने दुकानातला 650 वॅटचा चांगला पॉवर सप्लाय जोडला आणि रेंडर लावून दिलं. पंखा उकाड्याची हवा फेकत होता, आम्ही बाहेर चहा घेत होतो. अडीच तासांनी रेंडर पूर्ण झालं. पाच वर्षांच्या वॉरंटीचा तसाच नवा सप्लाय साधारण पाच हजारांत मिळाला. भावाने पैसे दिले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलला नाही.

तक्त्याचा फोटो जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर, तक्रार नोंदवली. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 2020च्या जुलैत लागू झाल्यापासून तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. म्हणजे लांबच्या विक्रेत्यालाही बुलढाण्याला यावं लागलं असतं. तेवढी वेळ आली नाही. तीन आठवड्यांनी विक्रेत्याने बदली पॉवर सप्लाय पाठवला. तेच मॉडेल. तो माळ्यावर आहे.

त्या दिवाळीत माझ्या घरी कॉम्प्युटर घ्यायचा होता. यावेळी सुटे भाग आणून पुतण्याने आणि मी जोडला. काही भाग अकोल्याहून आणले, काही ऑनलाइन मागवले. आठ भाग, आठ ओळी, प्रत्येकाचा सीरियल नंबर, प्रत्येकाची वेगळी वॉरंटी. हे जमतं कारण भाग एकमेकांना बसतात. इंटेलने 1995 साली एटीएक्स नावाचं माप ठरवलं. बोर्डाची भोकं कुठे आणि पॉवर सप्लायचा आकार केवढा, हे तेव्हापासून बहुतेक सगळे पाळतात. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, आमच्या इंची पाइपासारखंच की. अगदी तसंच. काही बड्या कंपन्या मात्र तयार मशीनमध्ये आपल्याच मापाचा बोर्ड आणि आपल्याच पिनांचा सप्लाय घालतात. तिथे बाजारातला भाग बसत नाही आणि गावातला दुरुस्तीवाला हात टेकतो.

स्वतः जोडलेलं मशीन बिघडत नाही असं मुळीच नाही. आमचं पहिल्याच आठवड्यात अडखळू लागलं. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मेमटेस्ट86 चालवून पाहिलं. मग दुसरी काढून तेच केलं. एका पट्टीवर लाल ओळींची रांग लागली. तीच पट्टी दुकानदाराने सहा दिवसांत बदलून दिली. तोवर मशीन एका पट्टीवर चालू होतं. 'काय केलंस?' असं कुणी कुणाला विचारलं नाही, कारण दोषाला पत्ता होता: डावीकडून दुसरा खाचा.

पैसे फारसे वाचत नाहीत, हेही सांगायला हवं. जोडणीची मजुरी वाचते, पण एक अख्खा रविवार जातो, आणि प्रोसेसर बसवताना छातीत धडधडतं. 2020-21मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली, तेव्हा सुटं कार्ड मिळेना आणि तयार मशीन घेणारेच शहाणे ठरले. आजही कुणी तयार घेत असेल तर मी नाही म्हणत नाही. एवढंच सांगतो की पैसे भरण्याआधी सगळ्या भागांची कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, पॉवर सप्लायचं तर आधी. विक्रेता यादी देत असेल तर बिनधास्त घ्या. टाळाटाळ करत असेल, तर उद्या बिघाड झाल्यावर तो दोष कुणाच्या अंगावर टाकेल, हे आजच कळलं.

पुतण्या आता पुण्यात ॲनिमेशन शिकतो. तेच मशीन सोबत नेलंय. फोनवर भाऊ अजूनही रात्री जागण्यावरून त्याला बोलतो, जेवणावरून बोलतो, खर्चावरून तर बोलतोच. मशीनचं नाव मात्र त्यात येत नाही.