केसभर फरक

काही माणसांचं अक्षर ज्याचं त्यालाच लागतं, असं आपण थट्टेनं म्हणतो. यंत्रांचंही तसंच असतं, हे मला गेल्या दिवाळीच्या साफसफाईत कळलं.

कपाट आवरताना वहिनींना दादाच्या चार जुन्या फ्लॉप्या सापडल्या. सव्वापाच इंची, १९९१ सालच्या. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा संगणक तर त्याच्याही आधी भंगारात गेला. "भाऊजी, यात काय आहे ते बघता का?" वहिनी म्हणाल्या. मी त्या बुटीबोरीला, माझ्या दुरुस्तीच्या शेडमध्ये घेऊन आलो.

अशा फ्लॉपीच्या एकेका बाजूवर ४० वर्तुळाकार वाटा असतात, एकमेकींपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. ड्राइव्हचं वाचणारं डोकं वाटेच्या नेमकं मध्यावर यावं लागतं. ते तपासायला एक प्रमाण तबकडी असते. ती फिरली, की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मांजराच्या डोळ्यांसारख्या दोन आकृत्या उमटतात. डोकं हलवणाऱ्या मोटरचे स्क्रू सैल करून ती किंचित फिरवायची. दोन्ही डोळे सारखे दिसले, की डोकं जागेवर आलं.

मी डोळे अगदी सारखे केले. तरी दादाची फ्लॉपी वाचता येईना!

मग उलगडा झाला. दादाच्या ड्राइव्हचं डोकंच सरकलेलं असणार. त्यानं वाटेच्या कडेला लिहिलं आणि तिथंच वाचलं. त्याचं कधी अडलं नाही. आता मला माझा नीट लावलेला ड्राइव्ह मुद्दाम बिघडवायचा होता! चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून फ्लॉपीची खाच पट्टीनं बंद केली आणि मोटर केसभर फिरवली. पुन्हा केसभर. सातव्या खेपेला पडद्यावर यादी आली.

आत घरखर्चाचा हिशेब होता. किराणा, दूध, भाडं. आणि दर महिन्याला एक ओळ, रोमन अक्षरांतल्या मराठीत: 'आईकडे, धाकट्याच्या फीसाठी, ३०० रुपये.'

तो धाकटा मी. फी मागितली तेव्हा दादा "जमणार नाही" म्हणाला होता. आईनं आपल्या साठवणीतून दिली, असंच मी धरून चाललो आणि पुढं दादाशी कामापुरतंच बोललो.

वहिनींना ती ओळ दाखवली. "मला ठाऊक होतं, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्यांनी."

तो ड्राइव्ह मी अजून पुन्हा प्रमाण तबकडीवर लावलेला नाही.