स्टेअरिंगचं शून्य

तर झालं असं की, मी आणि माझा कॉलेजचा रूम पार्टनर, आम्ही दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनी मारुती ८०० घेतली. रस्त्यावर चालवायला नाही, ट्रॅकवर पळवायला! मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं सगळं काढून टाकलं आणि आत नळ्यांचा रोल केज बसवला. गाडी नाहूरला एका काकांच्या गाळ्यात उभी असते. शनिवार आला की स्लो लोकल पकडायची (नाहूरला फास्ट थांबत नाही) आणि दिवसभर हात काळे करायचे. सोमवारी ऑफिसात नखांकडे बघून लोक विचारतात. असो.

पहिल्या ट्रॅक डेनंतर माझी एकच तक्रार होती : गाडी अंडरस्टीअर करते. म्हणजे आपण स्टेअरिंग वळवतो, पण गाडीचं नाक सरळच जायला बघतं. माझं म्हणणं, नवीन सस्पेन्शन घालू, चाळीसेक हजार जातील. मित्र म्हणाला, "मी चालवतो तेव्हा नाही करत. आधी मोज, मग पैसे काढ."

आता मोजायचं कसं? स्टेअरिंग किती अंश वळलंय हे सांगणारा सेन्सर आजकालच्या बऱ्याच गाड्यांमध्ये असतोच. १९९५ साली बॉशचं ईएसपी पहिल्यांदा मर्सिडीजमध्ये आलं, तेही याच मापावर चालतं. ड्रायव्हरला कुठे जायचंय ते स्टेअरिंगचा कोन सांगतो, गाडी खरंच किती वळतेय ते दुसरा सेन्सर सांगतो. दोघांत फरक पडला की ते एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतं. आमच्या ८०० मध्ये अर्थातच असलं काही नाही. मग म्हटलं, घरीच करू. इंजिनिअर आहोत ना!

आमचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेरे फिरतं, म्हणजे १२६० अंश. रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसला साधा पॉट एक फेराही पुरा करत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून दहा फेऱ्यांचा पॉट आणला. स्टेअरिंग कॉलमवर ६० दात्यांचं गिअर बसवलं. थ्रीडी प्रिंटरवर दोन अर्ध्या तुकड्यांत छापलेलं, म्हणजे कॉलम न काढता आवळता येतं. पॉटवर ३० दात्यांचं. स्टेअरिंगचे साडेतीन फेरे म्हणजे पॉटचे सात. दहातले सात वापरले, दोन्हीकडे दीड-दीड फेरा शिल्लक. आर्डुइनो ० ते १०२३ आकडे देतो, म्हणजे एका आकड्याला पावणेदोन अंश. झकास!

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढून कोइम्बतूरला निघणार होती. ब्रॅकेट बसवताना मी पॉट हाताने फिरवून बघत होतो, लॅपटॉपवर आकडा पळताना बघायला मजा येत होती. मग गिअर जुळवले, चाकं सरळ केली आणि जो काही आकडा दिसला त्याला प्रोग्रॅममध्ये शून्य म्हटलं. एका ओळीचं काम. काम फत्ते.

काका चहा घेऊन आले. म्हणाले, "काय रे, दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघितलंस का?"

"काका, आकडे बरोबर येतायत."

"आकडे राहू देत. फिरव."

डावीकडे नीट गेलं. उजवीकडे मात्र टोकाच्या अर्धा फेरा आधीच अडकलं. घट्ट. जोर लावला तेव्हा कट्‌कन आवाज झाला आणि गिअरचे चार दाते काकांच्या चहाच्या ग्लासाशेजारी येऊन पडले.

काय झालं होतं? पॉटलाही स्वतःची दोन टोकं असतात. माझ्या चाळ्यात तो मधोमध राहिलाच नव्हता, अडीच फेरे सरकला होता. प्रोग्रॅमने ते छान लपवलं, पण पॉटचं टोक स्टेअरिंगच्या टोकाच्या आधी आलं. प्लास्टिक तुटलं म्हणून बरं. मी आधी ते गिअर अॅल्युमिनियमचं करून घेणार होतो!

त्या रात्री झोप लागली नाही. मित्राला सांगायचं की नाही? ऑफिसात असला बग गुपचूप दुरुस्त करून मी मोकळा झालो असतो. पण ट्रॅकवर गाडी घसरली की ती सावरायला कधीकधी पूर्ण स्टेअरिंग लागतं आणि पहिली फेरी त्याचीच होती. सकाळी फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काढून टाक ते."

या खेपेला गाडी सेन्सरशिवाय गेली.

पुढचे पाच शनिवार मी नवा सेन्सर केला. पॉटऐवजी लहान गिअरवर चुंबक आणि समोर, न टेकता, एएस ५६०० ही चिप. ती एका फेऱ्याचे ४०९६ भाग करते. अडायला टोकच नाही. तोटा एवढाच की वीज गेली की किती फेरे झाले ते ती विसरते, म्हणून चालू करताना चाकं सरळ हवीत. गिअर मुद्दाम कच्च्या प्लास्टिकचं ठेवलं, काही अडकलंच तर आधी ते तुटावं. आणि दर वेळी गाडी हलवण्याआधी, लॅपटॉप बंद ठेवून, स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत. मित्राने स्वतः तीनदा फिरवून बघितलं, मग हो म्हणाला.

पुढच्या ट्रॅक डेला पुन्हा कोइम्बतूर, करी मोटर स्पीडवे. हा ट्रॅक ज्यांच्या नावाचा, त्या करिवर्धन यांनी याच ८०० चं इंजिन घालून एका सीटच्या रेसगाड्या बनवल्या होत्या. आमच्या डब्याला तिथे जरा माहेरी आल्यासारखं वाटलं असेल :-)

संध्याकाळी दोघांचे आलेख एकावर एक ठेवले. हिशोब सोपा आहे : ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २१७५ मिलिमीटर. २५ मीटर त्रिज्येच्या वळणाला पुढची चाकं साधारण ५ अंश वळायला हवीत. आमच्या गाडीत चाक एक अंश वळायला स्टेअरिंग अठरा अंश लागतं, हे आम्ही मोजलं होतं. म्हणजे स्टेअरिंग ९० अंश, वेगात थोडं जास्त. तशाच एका वळणावर मित्राचा आलेख ११० ला जाऊन थांबला होता. माझा, जवळपास त्याच वेगाला, १६५!

नाक बाहेर जातंय असं वाटलं की मी आणखी वळवत होतो. टायरची पकड एका मर्यादेपर्यंत कोनाबरोबर वाढते, त्यापुढे तो नुसता घासतो. म्हणजे अंडरस्टीअर होत होता खरा, पण करत होतो मी. चाळीस हजारांचं सस्पेन्शन घालूनही मी तेच केलं असतं.

मित्र काही बोलला नाही, नुसता हसला. दुसऱ्या दिवशी मी ठरवून हात १२० च्या पुढे जाऊ दिला नाही. लॅप दीड सेकंदाने कमी झाला.

आता गाडी परत नाहूरला आली आहे. काकांनी ते तुटलेले चार दाते एका डबीत घालून फळीवर ठेवलेत. शनिवारी गेलो की पहिली नजर तिकडे जाते, मग मी मुकाट्याने स्टेअरिंग फिरवून बघतो. दोन्हीकडे.