मेले तर बरंच की!

“रोगाचेच जंतू ना मॅडम? मेले तर बरंच की!” ऑफिसातले साहेब हे हसत हसत म्हणाले. निवृत्त होऊनही ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

एमएस्सी, पीएचडी, मग संशोधन संस्थेत नोकरी. काम शिगेलावर, म्हणजे रक्ती आव करणाऱ्या जंतूवर. कियोशी शिगा यांनी १८९७ साली जपानमधल्या साथीत तो शोधला. पटकीला लाखांनी जंतू पोटात जावे लागतात, याचे दहा ते शंभरही पुरतात. आतड्याच्या पेशीत शिरल्यावर हा पेशीचंच ॲक्टिन वापरून आपल्यामागे शेपूट उभारतो आणि त्याच्या रेट्यावर थेट शेजारच्या पेशीत घुसतो. मायक्रोस्कोपखाली ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

घुसायची ही सगळी हत्यारं एका मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, असतात. काँगो रेड घातलेल्या प्लेटवर ३७ अंशांना जंतू वाढवले, की प्लाझ्मिड शाबूत असलेल्या कॉलन्या लाल दिसतात, ते गमावलेल्या पांढऱ्या.

तर दिवाळीची सुट्टी होती. उणे ८० अंशांच्या फ्रीजरचा ब्रेकर पडला. जनरेटरची लाइन त्या खोलीत ओढून द्या, हा माझा अर्ज कधीचा फायलीत पडून. अलार्म बॅटरी संपेपर्यंत वाजत राहिला. वॉचमनने तो ऐकला, वहीत नोंदही केली, पण किल्ली ज्यांच्याकडे ते गावी. सुट्टीनंतर दार उघडलं तर खाली पाणी, खोके भिजून लोळागोळा, कुप्यांवरची शाई पसरलेली. आजारी पोरांच्या शौचाच्या नमुन्यांतून वर्षानुवर्षं जमवलेले स्ट्रेन होते ते. ती साथ गेली, ती पोरं मोठी झाली. पुन्हा आणणार कुठून?

बऱ्याच कुप्यांतून काहीच उगवलं नाही. जे उगवले ते रात्रभर ब्रॉथमध्ये वाढवून प्लेटवर ओढले. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर पांढऱ्याच पांढऱ्या, मधूनच एखादी लाल. शरीराबाहेर त्या हत्यारांचं ओझंच होतं. जे टाकून देतात ते भराभर वाढतात.

म्हणजे साहेबांच्या मनासारखंच झालं म्हणा! जंतू जगले, रोग करायचं विसरले. खरं सांगायचं तर त्या पांढऱ्या कॉलन्यांनी मला पुढे पुष्कळ काम दिलं. प्लाझ्मिड गळतं कसं, यावर माझे दोन विद्यार्थी डॉक्टरेट झाले. तरी राग गेलेला नाही, जायचं कारणही नाही. यंत्र घ्यायला लाखो रुपये मिळतात, त्याच्या एएमसीला, म्हणजे देखभालीच्या कराराला, मात्र तीन-तीन सह्या. तरुणांनो, स्टॉक दोन इमारतींत ठेवा, आणि एका फ्रीजरची किल्ली स्वतःकडे.

पुढे नुकसानीचा फॉर्म आला. त्यात ‘खरेदी किंमत’ असा रकाना. फ्रीजरची किंमत होती, म्हणून त्याच्यासाठी चौकशी समिती नेमली. स्ट्रेन विकत घेतलेले नव्हते. तिथे क्लार्कने शून्य लिहिलं आणि मला सही करायला सांगितली.