११ ए

दिल्लीहून काठमांडूला जाताना आईला हिमालय दाखवायचा, म्हणून जादा पैसे भरून ११ ए घेतली. हिशोब बिनचूक होता. विमान पूर्वेकडे जाणार, हिमालय उत्तरेला, म्हणजे खिडकी डावीकडची हवी. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की ए डावीकडे, एफ उजवीकडे. रांगही पंखाच्या पुढची निवडली, कारण मागे बसलं की इंजिनाच्या गरम हवेतून डोंगर थरथरताना दिसतात.

आत जाऊन बघते तर ११ ए ला खिडकीच नाही! सलग भिंत.

"अगं, खिडकी कुठंय?" आईने भिंतीवरून हात फिरवला.

या बनावटीच्या विमानात डावीकडे, पंखाच्या जरा पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून छताकडे जाते. म्हणून तिथे खिडकी ठेवतच नाहीत. बुकिंगच्या तक्त्यात मात्र तो चौकोन इतरांसारखाच, आणि भावही खिडकीचाच. विमान गच्च भरलेलं. आई मान वळवून मागच्यांच्या खिडकीतून काही दिसतंय का बघत राहिली. मान अवघडल्यावर तिने जपमाळ काढली. मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

पशुपतिनाथ झालं, बौद्धनाथ झालं. परतीची सीट निवडताना 'हिमालय डावीकडे' हेच डोक्यात बसलेलं, बोट पुन्हा ए वर गेलं होतं. तशीच बसले असते तर सगळा वेळ दक्षिणेचं मैदान बघत आलो असतो. येताना तोंड पश्चिमेला, म्हणजे उत्तर उजवीकडे. ६ एफ घेतली. विमानही सकाळचं, कारण दुपारी शिखरांभोवती ढग जमतात.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. ऊन मागून, दक्षिणेकडून येत होतं. डोळ्यांवर तिरीप नाही, उजेड नेमका बर्फावर. पाचेक मिनिटांनी आई म्हणाली, "ते ढग बघ, केव्हाचे हलत नाहीत."

ते ढग नव्हतेच. आपण सह्याद्रीवरून जातो तेव्हा कळसूबाईसुद्धा खाली कुठेतरी शोधावी लागते. इथे विमान जेमतेम दहा किलोमीटर उंचीवर आणि डोंगर आठ, त्यामुळे खाली नव्हे, समोर बघायचं. आई खालीच शोधत होती, तरी ते तिलाच आधी दिसले.

गणेश हिमालचं नाव सांगितल्याबरोबर तिने हात जोडले. मग मनास्लू, ८,१६३ मीटर. मग अन्नपूर्णेची लांबलचक रांग आणि तिच्यापुढे माछापुच्छ्रे. हे सात हजारांच्याही आतलं, पण नजर त्याच्यावरच अडकते. माशाच्या शेपटीची दोन टोकं पश्चिमेकडून दिसतात म्हणे. आम्हाला दिसला तो नुसता भाला. त्यानंतर एक मोठी खाच आणि पलीकडे एकटा धौलागिरी.

"त्या खाचेतून काळी गंडकी वाहते," मी म्हटलं. "शाळिग्राम तिच्यातच सापडतात."

"आपल्या देवघरातला?"

"हो."

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. चहा आला, तोही तिने घेतला नाही.

तर काठमांडूला जाताना ए, येताना एफ. आणि पैसे भरण्याआधी त्या रांगेला खिडकी आहे ना, तेवढं बघून घ्या.